आवाज डिस्कचा नव्हता

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच्या पुढच्या रविवारी आमचा कॉम्प्युटर मुका झाला.

मी रामनगरात मराठी शाळेत शिकवतो. कॉम्प्युटर घेतला होता प्रश्नपत्रिका टाइप करायला, पण आबांच्या शेवटच्या दीड वर्षात तो त्यांचाच होता. आबा म्हणजे आमचे वडील. न्हाणीच्या पायरीवरून घसरले, खुब्याचं हाड मोडलं आणि चालणं संपलं ते संपलंच. सगळा जन्म लाकडाच्या डेपोत आणि शेतात उभ्यानं काढलेला माणूस पुढच्या खोलीत खाटेवर पडून राहिला. गोव्याकडं जाणारे ट्रक बघत माणसाचा किती वेळ जाणार? मी एक लहानसा माईक आणला, कॉम्प्युटरला जोडून त्यांच्या उशाशी ठेवला आणि म्हटलं, "आबा, जुन्या गावाचं सांगा. एकेक घर सांगा."

आमचं जुनं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथल्या लोकांना उठवून रामनगरात जागा दिल्या तेव्हा मी आईच्या कडेवर होतो आणि धाकटा भाऊ पोटात. मला त्या गावातलं काहीच आठवत नाही. जे आहे ते आबांच्या तोंडून ऐकलेलं.

पहिले दोन दिवस ते माईककडं बघून नुसते खाकरले. "ह्या डब्याला काय सांगू मी? हूं तरी म्हणतोय काय हा?" तिसऱ्या दिवशी जे सुरू झाले ते थांबेनात. सकाळी शाळेला निघताना मी रेकॉर्डिंग सुरू करून जायचो, दुपारी जेवण घेऊन आली की बायको बंद करायची. रोजची एक फाइल, तारखेच्या नावानं. कुणाचा फणस कुणाच्या कुंपणात वाकला होता, नदीला पाणी चढलं की म्हशी कुठल्या वळणावरून पोहत यायच्या, देवळापुढच्या दगडावर कोण बसायचं आणि कुणाला बसू द्यायचे नाहीत, असलं सगळं.

ते गेल्यावर मी दर रविवारी चहा झाला की एक फाइल ऐकायचो. एकच. बरणीतलं लोणचं पुरवून खावं तसं चाललं होतं. शेवटच्या दोन-तीन महिन्यांच्या फायली तर मी मुद्दाम उघडल्याच नव्हत्या. त्या संपल्या की आबा संपणार होते.

वर्षश्राद्धाला भाऊ गोव्याहून आला. तो तिथं एका हॉटेलात कॉम्प्युटरची व्यवस्था बघतो. आमच्याकडं साधा मोबाइल अडला तरी फोन त्यालाच जायचा. कुंभारवाड्याकडून आत्या आली. आबांची ही थोरली बहीण, ऐंशी ओलांडलेली, दोन बस बदलून एकटीच आलेली, पिशवीत रानातले कंद. ऐन विशीत विधवा झालेली ही बाई जुन्या गावात आबांच्या शेजारी वेगळं घर करून राहायची. गाव उठलं तेव्हा ती कुंभारवाड्याजवळच्या एका वाडीवर सासरकडच्या लांबच्या माणसांत गेली आणि जन्मभर त्यांच्या शेतात भात लावत, जंगलात मजुरीला जात राहिली. "तिला तिकडंच बरं वाटलं," एवढंच आम्हाला सांगितलेलं होतं, आणि आम्हीही कधी जास्त विचारलं नाही.

जेवणं आटोपल्यावर सगळे आडवे झाले. भाऊ म्हणाला, "मी जरा आबांना ऐकतो," आणि स्वतःचे हेडफोन लावून कॉम्प्युटरपुढं बसला. दोन तास तरी बसला असेल. मला झोप लागली होती. जाग आली तेव्हा तो हेडफोन काढून तसाच बसलेला, डोळे लाल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात पडवीतून आत्या आली आणि म्हणाली, "मला बी ऐकवा की रे जरा. वरीस झालं त्याचा आवाज ऐकून."

"आता बंद केलाय आत्या," भाऊ उठत म्हणाला. "लाईट कमी-जास्त होतीय. पुढच्या खेपेला."

आत्या बरं म्हणाली. तिला बसपर्यंत सोडायला मी गेलो. भाऊ घरातून बाहेर आला नाही. वडिलांच्या आठवणीनं तो हलला आहे असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी तो मला नेहमीपेक्षा जास्त जवळचा वाटला.

पुढच्या रविवारी मी चहाचा कप ठेवला, फाइल सुरू केली. पडद्यावर रेघ सरकत होती, पण आवाज नाही. मी स्पीकरचं बटण फिरवलं. वायर काढून परत खोचली. हिरव्या भोकातली पिन गुलाबी भोकात घालून बघितली, परत हिरव्यात आणली. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर लाल फुली होती. शाळेतून हेडफोन आणले, तेही मुके. कॉम्प्युटर बंद करून परत सुरू केला. शेवटी भावाला फोन लावला.

"ड्रायव्हर गेला असंल, दादा," तो म्हणाला. ड्रायव्हर म्हणजे कॉम्प्युटर आणि स्पीकर यांच्यामधला दुभाष्या, हे त्यानंच मला समजावून सांगितलं. मग तो फोनवर एकेक सांगत गेला आणि मी एकेक करत गेलो. हे उघड, ते बंद कर, आता परत चालू कर. किती शांतपणे सांगत होता. माझा चुकीच्या ठिकाणी हात जायचा तर म्हणायचा, "असू दे दादा, परत बघू." असे दोन रविवार गेले. आवाज काही येईना.

मधेच एक नवीन गोष्ट सुरू झाली. कॉम्प्युटरच्या खोक्यातून टिक टिक असा आवाज यायला लागला. सुरू केल्यावर थोडा वेळ काही नाही, मग टिक टिक टिक, मग परत शांत. मी भावाला म्हटलं, "आता बेळगावला नेऊन दाखवतो."

"न्हाई, न्हाई. हलवू नकोस. मीच येतो शनिवारी."

आला तो थेट खोक्याशी बसला. कान लावला. मलाही लावायला लावला. "ऐक. ही हार्ड डिस्क. आतली सुई घासालीय. आता ही कवाबी जाईल. आवाज गेला तो ह्याच्यामुळंच."

मी एवढंच विचारलं, "आबांच्या फायली?"

"काढतो की. तू घाई करू नकोस. वहिनी, दादाला जरा बाजारात पाठवा, मला निवांत बसू दे."

मी बाजारात गेलो. भाजी घेतली, उगीच स्टँडवर बसून राहिलो. परत आलो तेव्हा भाऊ दारात उभा होता.

"गेलं, दादा," तो म्हणाला. "आबांचं फोल्डर निघालं न्हाई. नेमका तोच भाग खराब झाला. तुझे शाळेचे कागद, फोटो, सगळं काढलं. ते तेवढं न्हाई."

मी तिथंच पायरीवर बसलो आणि रडलो. बाप गेला तेव्हा चारचौघांत जेवढं रडलो नव्हतो तेवढं त्या दिवशी रडलो. भाऊ शेजारी बसला, माझ्या खांद्यावर हात टाकून. "माझी चूक," तो म्हणत राहिला, "मी आधी यायला पायजे हुतं." उलट मीच त्याची समजूत काढली.

संध्याकाळपर्यंत त्यानं नवी डिस्क बसवली, येतानाच बरोबर आणलेली. कॉम्प्युटर सुरू झाला, स्पीकरमधून स्वच्छ आवाज आला, टिकटिकही थांबली. जुनी डिस्क तो कागदात गुंडाळून पिशवीत घालत होता, तेव्हा मी म्हटलं, "ती ठेव हितंच."

"मेलेली डिस्क ठेवून काय करणार?"

"असू दे."

त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुडी टेबलावर ठेवली. मी ती आबांच्या चष्म्याबरोबर कपाटात ठेवली. बायको म्हणाली, "आधी माणूस गेलं, आता आवाज गेला." त्यानंतर रविवारचा चहा मी स्वयंपाकघरातच घेऊ लागलो.

श्रावण आला. आमच्याकडं त्या महिन्यात भिंतींनाही घाम फुटतो. एका दुपारी चाचणीची प्रश्नपत्रिका टाइप करत होतो आणि खोक्यातून आवाज आला. टिक टिक टिक. तोच आवाज, तसाच मधे थांबून.

पहिल्यांदा मनात आलं, ही डिस्कपण चालली. मग वाटलं, चार महिन्यांत? भावाला फोन लावायला मी मोबाइल हातात घेतलासुद्धा. पण का कोण जाणे, लावला नाही. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, स्क्रू काढून खोक्याचा बाजूचा पत्रा उघडला. आतलं मला फारसं कळत नाही. पण पंखा तर कुणालाही कळतो. पंख्याच्या अगदी शेजारी वायरींचा झुबका होता आणि तो बांधणारी प्लास्टिकची पट्टी तुटून खाली पडली होती. एक पिवळी वायर सुटून पात्यापर्यंत आली होती. तिच्या अंगावर पात्यानं बारीक बारीक खरवडलं होतं. मी वायर बाजूला सारली, सुतळीनं बांधली, कॉम्प्युटर सुरू केला. आवाज नाही. अर्धा तास बसून राहिलो. नाही.

ती पट्टी मी हातात घेऊन बघत होतो. कोरी, पांढरी. आमच्या खोक्यातल्या बाकीच्या पट्ट्या जुन्या, धूळ बसून काळ्या झालेल्या. ही नंतर कुणीतरी बांधलेली होती. खोकं उघडणारा माझ्याशिवाय एकच माणूस होता. म्हणजे त्याला वायर दिसली होती. त्यानं ती बांधली होती, आणि मला मात्र सुई घासते म्हणून सांगितलं होतं.

मनाला मी समजावलं, की दोन्ही खरं असेल. वायरही घासत असेल, डिस्कही खराब असेल. पण त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर मी कपाटातली पुडी घेऊन बेळगावच्या बसमध्ये बसलो.

बाजारापासून आत एका बोळात दुरुस्तीचं दुकान होतं. एका सहकाऱ्यानं सांगितलं होतं. चालवणारी बाई माझ्याच वयाची, चष्मा कपाळावर चढवलेला. तिनं पुडी उलगडली.

"काय झालंय हिला?"

"मेलीय म्हणतात."

"कोण म्हणतंय?"

"माझा भाऊ."

तिनं डिस्क आपल्या मशीनला जोडली आणि थोडा वेळ पडद्याकडं बघत राहिली. मग तपासणी लावली आणि मला बाकावर बसवलं. तासाभरानं हाक मारली. "सर, ह्या डिस्कला काही झालेलं न्हाई. चांगली चालालीय. तुमचे फोटो हायत, शाळेचं सगळं हाय."

"वडिलांचं एक फोल्डर होतं. त्यांच्या आवाजाचं."

ती परत शोधायला लागली. मग म्हणाली, "ते पुसलंय."

"आपोआप?"

"आपोआप न्हाई. डिस्क खराब होऊन गेलं असतं तर हिकडचं थोडं, तिकडचं थोडं गेलं असतं. हे एकच फोल्डर उचलून टाकलंय आणि कचऱ्याची टोपलीपण रिकामी केलीय. हातानं केलेलं काम हाय हे." ती माझ्याकडं न बघता बोलत होती. "एक बरं झालं, त्यानंतर ही डिस्क कुणी चालवली न्हाई. वरून दुसरं काही लिहिलेलं न्हाई. बहुतेक सगळं निघंल. सोमवारी या म्हटलं असतं, पण तुम्ही लांबून आलाय. बसा."

बसलो. मला आठवतं, मी त्या बाकावर बसून भावासाठी कारणं शोधत होतो. चुकून पुसलं गेलं असेल आणि सांगायची लाज वाटली असेल. हे मला पटत आलं होतं. एवढी चूक मी त्याला एका क्षणात माफ केली असती.

फायली निघाल्या. एकाखाली एक तारखा. "चालतंय का बघा," ती म्हणाली. "कुठली लावू?"

"शेवटची."

तिनं हेडफोन दिले. आबा खाकरले. मागं एक ट्रक गेला. स्वयंपाकघरात बायकोनं भांडं ठेवल्याचा आवाज आला. त्यांचा आवाज फार बारीक झाला होता, शब्दाशब्दाला दम लागत होता. काही ठिकाणी फाइल तुटत होती. पण जे कळायचं ते कळलं.

"आक्काचं घर येगळं हुतं," ते म्हणत होते. आत्याला ते आक्का म्हणायचे. "चूल येगळी, गोठा येगळा. यादीत तिचं नाव लागलं. हितं रामनगरात तिच्या नावानं जागा निघाली, आमच्या जागंला लागून. तिला ठाऊक न्हाई. कागद माझ्याकडं आला. मी म्हटलं, एक पोर कडेवर हाय, एक पोटात हाय, दोघांना दोन व्हतील. तिला ना पोर ना बाळ. अंगठा घेतला तिचा. म्हटलं, आक्का, रेशनचा कागद हाय. तिनं इचारलंबी न्हाई. हात फुडं केला." मग बराच वेळ नुसता श्वास. "थोरल्याला सांगाय पायजे. पर तो साळंला गेलाय."

मी हेडफोन काढले. बाईनं पाण्याचा ग्लास माझ्यापुढं सरकवला आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी कामाला लागली.

परतीच्या बसमध्ये खानापूर कधी गेलं कळलं नाही. आबांनी मला सांगायचं म्हणून त्या डब्याला सांगितलं होतं, आणि मी ती फाइल पुरवून खायची म्हणून ठेवून दिली होती. आत्याची ती जागा म्हणजे आमच्या घराला लागून असलेली, रस्त्याकडची. वाटणीत ती भावाकडं गेली. त्यावर त्यानं दोन गाळे बांधले, टायरच्या कामाला एकाला दिले. आम्ही ज्या बाजूनं येतो-जातो तिथंच, रोज डोळ्यांसमोर.

चतुर्थीला भाऊ घरी आला, दरवर्षीसारखा, दोन दिवस आधी. गणपतीवर टांगायची माटोळी बांधायची होती. लाकडी चौकटीला रानातली फळं, कवंडळं, सुपारीचे घोस बांधतात, ती. हे काम लहानपणापासून आम्ही दोघं करत आलो. तो स्टुलावर चढून बांधत होता, मी खालून एकेक घोस देत होतो.

"डिस्क चांगली निघाली," मी म्हटलं.

त्याचा हात वरच थांबला.

"बेळगावला नेली हुती. आबांच्या फायली निघाल्या. शेवटची ऐकली मी."

तो खाली उतरला नाही. स्टुलावरच, माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. "मी ऐकलं तवा आत्या पडवीत बसली हुती," तो म्हणाला. "मला काय करावं कळंना. पुसायला हात धजला न्हाई. नुसता आवाज बंद केला आतून. म्हटलं, मग बघू."

"आणि दोन रविवार मला वायरी काढ-घाल करायला लावलास."

त्यानं बांधलेल्या घोसाची गाठ उगीच ओढून बघितली.

"पायरीवर बसून मी रडलो. खांद्यावर हात टाकलास माझ्या."

"आबांची अब्रू जायला नको हुती, दादा. मेलेल्या माणसाची."

"आबांची का तुझ्या गाळ्यांची?"

आता तो वळला. लहानपणी मार खाताना व्हायचा तसा चेहरा झाला होता, पण आवाज कडक होता. "तुझी जागा सुटली म्हणून बोलालायस तू. चिठ्ठी टाकून वाटण्या केल्या आपण. ती चिठ्ठी तुला निघाली असती तर? तू ऐकवलं असतंस आत्याला?"

आजही मी त्याचं उत्तर छातीवर हात ठेवून देऊ शकत नाही. पण त्यानं मला तशी संधीच दिली नव्हती, हे मला कळत होतं. त्यानं मला विचारलं असतं, दोघं मिळून गप्प बसलो असतो, तर आम्ही दोघंही सारखेच चोर झालो असतो, पण भाऊ राहिलो असतो. त्यानं मला परका धरलं.

आतून बायकोनं विचारलं, झालं का. मी पुढचा घोस उचलून त्याच्या हातात दिला. त्यानं बांधला. गणपती बसायचा होता, माटोळी अर्धी सोडता येत नव्हती. पाच दिवस आम्ही एकाच ताटलीतून आरती फिरवली आणि त्याव्यतिरिक्त एक शब्द बोललो नाही. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच तो गेला.

मग मी आत्याकडं गेलो. कुंभारवाड्यापर्यंत बस, पुढं पायवाट. ती अंगणात सुपात तांदूळ निवडत बसली होती. मी आधी सगळं तोंडानं सांगणार होतो, पण तोंडानं सांगता येईना. मोबाइलवर फाइल लावली आणि तिच्या कानाशी धरली. आबांचा आवाज ऐकताच तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "किती बारीक झालाय रे," ती म्हणाली. मग ऐकत गेली. तांदळातली बोटं थांबली. शेवटी फाइल संपली तरी ती मोबाइलकडं बघत होती.

तिनं विचारलं, "हे कवा बोलला त्यो?"

"जायच्या आठ दिवस आधी."

"मी आले हुते की तवा. दोन दिवस त्याच्या उशाशी बसले हुते. मला का न्हाई बोलला?"

मी मोबाइल खिशात ठेवला.

"यंत्राला सांगितलं त्यानं," ती म्हणाली. "मला म्हणाला हुता, आक्का, एकट्या बाईला जागा देत न्हाईत. मी मानलं. दरसाल त्याच्या घरी कंद घेऊन गेले. तो मेला तवा ऊर बडवून रडले मी. आता ते रडणं कुठं ठेवू?" तिचा आवाज चढला नव्हता. "आणि तू कशाला आलायस? तुझं मन हलकं करायला?"

मी म्हटलं, "आत्या, माझ्या जागेतला अर्धा भाग तुझ्या नावावर करतो. गाळ्यांचं मला काही करता येत न्हाई, ते त्याच्या नावावर हायत. पण माझं तेवढं करतो."

"जा आता," ती म्हणाली. "बस चुकंल."

पाणीही विचारलं नाही. तिच्या घरून मी पाणी न पिता निघालो तो तो एकच दिवस.

मी बायकोला विचारून अर्जाचं बघायला लागलो. भावाला पत्र लिहिलं, नीट, शिव्या न घालता. फाइलीची एक प्रतही पाठवली, त्याच्याकडंही बाप असावा म्हणून. उत्तर आलं नाही. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यानं तिला परस्पर फोन केला, एवढंच.

भातकापणी झाल्यावर, थंडी पडल्यावर, एका सकाळी आत्या दारात उभी. ह्या वेळी हातात पिशवी नव्हती. आत ये म्हटलं तर आली नाही. "जागा दाखव," म्हणाली.

मी तिला रस्त्याकडच्या बाजूला नेलं. टायरवाला एका ट्रकचं चाक उतरवत होता. त्यानं म्हातारी बघून खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. गाळ्यांच्या कडेनं हळूहळू चालत मागं गेली, कुंपणापर्यंत, तिथून वळून आली. तेलानं काळी झालेली जमीन, टायरांचा ढीग, एका कोपऱ्यात पपईचं झाड.

"दार रस्त्याकडं केलं नसतं मी," ती म्हणाली. "ट्रकांची धूळ कोण खाणार? त्या अंगाला केलं असतं. चूल हितं." ज्या जागी ती बोट दाखवत होती तिथं जॅक पडला होता. "तुम्ही पोरं चालत आला असता माझ्याकडं, पाच पावलांवर."

टायरवाल्यानं मला हळूच विचारलं, "कोण हो ह्या?"

"माझी आत्या," मी म्हटलं. त्यापुढं त्याला सांगण्यासारखं खूप होतं. सांगितलं नाही.

घरात येऊन तिनं चहा घेतला. मी अर्जाचे कागद दाखवले. म्हटलं, "तुझी सही लागंल. म्हणजे अंगठा."

तिनं कागद हातात घेतला, उलटा की सुलटा तिला कळत नव्हतं. परत दिला.

"कर," ती म्हणाली. "पण मला वाचून दाखवायला तू नको. दुसरं कुणीतरी आण. बाहेरचं."

माझ्या शाळेतल्या एका शिक्षिकेला मी बोलावणार आहे. आत्या तिला ओळखत नाही, ते बरंच आहे. तारीख अजून मिळालेली नाही. दोनदा तालुक्याला जाऊन आलो, साहेब नव्हते. भावाचे गाळे चालू आहेत. सकाळी आठला टायरवाल्याची हवा भरायची मशीन सुरू होते आणि पुढच्या खोलीच्या खिडकीची काच हलायला लागते. बायको म्हणते खिडकी बंद कर. मी बंद करतो, शाळेच्या वह्या घेऊन मागच्या खोलीत बसतो.